ट्रेड सिक्रेटचा दावा लावण्याआधी गुपित कागदावर नेमकं मांडा

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाचं प्रकरण आलं. एका लेखकाचं म्हणणं होतं की 'हैला! झॉम्बी' ही आपली संहिता आपण विश्वासाने सारेगामा या कंपनीकडे दिली आणि तिच्यावरूनच हा चित्रपट बेतला गेला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तात्पुरता मनाई हुकूम द्यायला नकार दिला. त्या निकालात एक गोष्ट ठासून सांगितली आहे: माहिती गुप्त होती असं म्हणणाऱ्याने ती माहिती नेमकी कोणती, हे काटेकोरपणे दाखवलं पाहिजे. मोघम बोलून भागत नाही.

याच न्यायालयाच्या खंडपीठाने २००३ मध्ये 'झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स' या प्रकरणात वादीच्या बाजूने कौल दिला होता. तिथे वादीकडे टीव्ही मालिकेची कल्पना नुसती डोक्यात नव्हती. कन्सेप्ट नोट, पात्रांची वर्णनं, कथानकाचा तपशील असं सगळं कागदावर होतं आणि ते कोणाला, कशासाठी दिलं याचाही माग होता. खंडपीठाने विश्वासभंगाच्या दाव्यासाठी चार गोष्टी सांगितल्या. माहिती स्पष्टपणे ओळखून दाखवा. ती विश्वासाच्या नात्यातून दिली हे दाखवा. ती गुप्त मानण्याजोगी आहे हे दाखवा. आणि परवानगीशिवाय तिचा वापर झाला किंवा होण्याची भीती आहे हे दाखवा. यातल्या पहिल्या पायरीवर पाय घसरला की पुढच्या तीन पायऱ्यांपर्यंत कोणी पोहोचत नाही.

भारतात ट्रेड सिक्रेटसाठी, म्हणजे धंद्यातल्या गुप्त माहितीसाठी, स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या २८९ व्या अहवालात एका विधेयकाचा मसुदा दिला आहे, पण आज दावा उभा राहतो तो कराराच्या कायद्यावर, विश्वासभंगाच्या तत्त्वावर आणि कुठेकुठे कॉपीराइटवर. पेटंट घेतलं असेल तर तुमचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पेटंटच्या कागदावर लिहिलेलं असतं. ट्रेडमार्कला नोंदणीचं प्रमाणपत्र असतं. गुपिताला असा कुठलाही सरकारी कागद नाही. त्याची हद्द पहिल्यांदा आखली जाते ती तुमच्या वादपत्रात, म्हणजे दावा लावताना कोर्टात देता त्या मूळ कागदात. म्हणून ते वादपत्र कसं लिहायचं, त्याच्या आधी काय तयारी करायची, हे इथे सविस्तर मांडतो. हा लेख तुमच्या वकिलाची जागा घेणार नाही, पण वकिलाकडे जाताना हातात काय हवं ते यातून कळेल.

नोटीस पाठवण्याआधी

माणूस कंपनी सोडून जातो, चार महिन्यांत समोरच्या गल्लीत तोच माल निघतो, आणि मालकाचा संताप होतो. तो तडक वकिलाकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी नोटीस निघते: 'तुम्ही आमची गोपनीय माहिती, तांत्रिक ज्ञान, ग्राहकांचा तपशील, किंमतधोरण आणि इतर व्यावसायिक गुपितं चोरली आहेत.' ही नोटीस पुढे तुमच्याच विरुद्ध वापरली जाते. सहा महिन्यांनी दाव्यात तुम्ही विशिष्ट प्रक्रियेबद्दल बोलू लागलात की प्रतिवादीचा वकील नोटीस पुढे करतो आणि म्हणतो, तेव्हा यांना ही प्रक्रिया आठवली नव्हती, ही मागाहून रचलेली गोष्ट आहे.

म्हणून नोटिशीच्या आधी एक बैठक घ्या. मालक, उत्पादनाची जबाबदारी सांभाळणारा माणूस, आयटी बघणारा आणि वकील. एकच प्रश्न: त्या माणसाला आज काय माहीत आहे, जे बाजारातल्या दुसऱ्या कोणाला माहीत नाही? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर दावा लावायची वेळ अजून आलेली नाही. मात्र यात आठवडेच्या आठवडे घालवू नका. उशीर झाला की तातडीचा मनाई हुकूम मागण्यातली हवाच जाते.

मोघम परिच्छेद आणि नेमका परिच्छेद

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा भोसरी एमआयडीसीत ऑइल सील (यंत्रातून तेल गळू नये म्हणून लावायची रबरी कडी) बनवणारा एक कारखाना आहे. त्यांचं नायट्राइल रबराचं कंपाउंड (मिश्रण) गरम तेलात इतरांपेक्षा जास्त टिकतं. मिक्सिंग सुपरवायझर नोकरी सोडून चाकणच्या एका स्पर्धकाकडे गेला. बहुतेक वादपत्रांत असा परिच्छेद सापडतो:

'वादीने अनेक वर्षांच्या परिश्रमाने व मोठ्या खर्चाने उच्च दर्जाचे रबर कंपाउंड विकसित केले असून त्याचे सूत्र, प्रक्रिया व तंत्रज्ञान ही वादीची अत्यंत गोपनीय माहिती आहे.'

यातलं एकही वाक्य खोटं नसेल. तरी न्यायाधीशाच्या हाताला यातून काहीच लागत नाही. कुठलं सूत्र? नायट्राइल रबर, कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अ‍ॅसिड, गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर हे घटक रबराच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहेत. गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटच्या टप्प्यात, कमी तापमानाला घालायचे, नाहीतर कंपाउंड मिलवरच जळतं, हेही प्रत्येक मिक्सिंगवाल्याला ठाऊक असतं. प्रतिवादी हीच पुस्तकं कोर्टात आणून ठेवेल आणि तुमचं गुपित अर्ध्या तासात सार्वजनिक माहिती ठरेल.

आता तोच परिच्छेद असा लिहून पाहा:

'वादीच्या एन-४७ या कंपाउंडमधील घटक स्वतंत्रपणे सर्वज्ञात आहेत आणि त्यांवर वादी हक्क सांगत नाही. वादीचे गुपित पुढील तीन बाबींच्या एकत्रित वापरात आहे: (१) कार्बन ब्लॅकच्या दोन विशिष्ट ग्रेडचे परस्परांशी प्रमाण, (२) प्लॅस्टिसायझर एकदम न घालता तीन हप्त्यांत घालण्याचा क्रम आणि प्रत्येक हप्त्यावेळचे मिलचे तापमान, (३) मास्टरबॅच (गंधकाआधीचे मिश्रण) तयार झाल्यावर गंधक घालण्यापूर्वी तो ठरावीक तास विशिष्ट तापमानाला ठेवणे. या तिन्हींमुळे कॉम्प्रेशन सेट चाचणीत (दाबलेले रबर कितपत मूळ आकारात येते हे पाहणारी चाचणी) मिळणारा फरक चाचणी अहवालात दाखवला आहे. प्रमाण, तापमान व वेळ यांचे आकडे परिशिष्ट 'अ' मध्ये असून ते सीलबंद लिफाफ्यात सादर केले आहे.'

या परिच्छेदात सर्वांना माहीत असलेलं काय, हे वादीने स्वतःच मान्य केलं आहे. त्याने दाव्याला बाधा येत नाही, उलट वजन येतं, कारण प्रतिवादीचा पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा आधीच निकामी होतो. गुपित कशात आहे ते मोजता येईल अशा तीन बाबींत सांगितलं आहे. त्याचा फायदा चाचणीने दाखवला आहे. आणि खरे आकडे उघड्या कागदावर आलेले नाहीत.

ज्ञात गोष्टींचा विशिष्ट मेळ हेही गुपित असू शकतं. फक्त तो मेळ कसा जुळवला आहे, त्याचा कुठला दुवा इतरांकडे नाही, हे सांगावं लागतं. नुसती घटकांची यादी देऊन 'या सगळ्याचा मेळ' असं म्हटलं तर काहीच सांगितलं नाही असं होतं.

उलटी चूकही होते: सगळंच ओतायचं. अमेरिकेत २००२ साली 'आयडीएक्स विरुद्ध एपिक' या प्रकरणात वादीने आपल्या सॉफ्टवेअरचं ४३ पानी वर्णन दिलं होतं. सेव्हन्थ सर्किट अपील न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही, कारण त्या पानांत गुपित कोणतं आणि पडद्यावर कुठल्याही वापरकर्त्याला दिसणारी साधी गोष्ट कोणती, हे वेगळं केलेलंच नव्हतं. निवडून घ्यायचं काम न्यायालयावर सोडलं होतं. विनाचालक गाड्या बनवणाऱ्या वेमोने उबरविरुद्ध शंभराहून अधिक गुपितांची यादी दिली होती. न्यायाधीशांनी ती कापायला लावली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा आठच उरली होती. वेमोसारख्या कंपनीची ही गत, तर आपल्याकडच्या लघुउद्योजकाने दोन-तीन पक्क्या गुपितांवर उभं राहावं हेच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. चौथं कच्चं असेल तर ते पहिल्या तिघांनाही संशयात ओढतं.

माणसाचं कसब वेगळं, मालकाचं गुपित वेगळं

करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे काम करणार नाही, असं नेमणूकपत्रात लिहून घेतलेलं कलम म्हणूनच कोर्टात सहसा टिकत नाही. मग मालक तेच गुपिताच्या नावाखाली मागतात आणि न्यायालयाला ते लगेच दिसतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये 'स्टार इंडिया विरुद्ध लक्ष्मीराज नायक' प्रकरणात म्हटलं आहे की नोकरीत काही काळ काढलेल्या कोणालाही विशेष प्रयत्नाशिवाय बरीच माहिती होतेच. त्या सगळ्यांना ट्रेड सिक्रेट माहीत आहे असं म्हणता येत नाही.

याच्या बाजूला कल्याणचं जुनं प्रकरण ठेवून वाचावं. सेंच्युरी रेयॉनच्या टायर कॉर्ड (टायरमधला मजबूत धागा) विभागातले शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोळीकरी १९६४ मध्ये पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. तिथे बंधन कराराच्या मुदतीपुरतं होतं, हा कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा आहेच. पण तंत्रज्ञान काय आहे आणि ते कुठून आलं याचे कागद कंपनीकडे होते हेही तितकंच महत्त्वाचं. हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडून ते १,४०,००० जर्मन मार्क मोजून घेतलं होतं, गुप्त ठेवण्याची अट त्या करारातच होती आणि गोळीकरींना त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. मनाईसुद्धा ठरावीक कामापुरती आणि उरलेल्या मुदतीपुरतीच होती.

तुमच्या प्रकरणात ही रेघ कुठे ओढायची ते तुमच्या उत्पादन प्रमुखाला विचारा, वकिलाला नाही. त्याला सांगा: या सुपरवायझरऐवजी दहा वर्षांचा अनुभव असलेला, पण आपल्याकडे कधीच काम न केलेला माणूस आणला असता, तर त्याला पहिल्या दिवशी काय माहीत असतं? ते सगळं दाव्यातून काढून टाका. मिलवर रबर गुंडाळलं जाताना आवाजावरून ओळखायचं, हाताला किती चिकटतं ते बघायचं, हे त्या माणसाचं कसब आहे. ते त्याच्याबरोबर जाणारच, आणि जायलाही हवं. कामगाराच्या पोटावर पाय आणणारा दावा लिहू नका. तो नैतिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि कोर्टात हरतोही.

ग्राहकांची यादी

सगळ्यात जास्त दावे याच्यावर असतात आणि सगळ्यात जास्त याच्यावरच फसतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये 'अमेरिकन एक्स्प्रेस बँक विरुद्ध प्रिया पुरी' प्रकरणात ग्राहकांच्या तपशिलाला ट्रेड सिक्रेट मानायला नकार दिला. तुमचे ग्राहक जस्टडायलवर, इंडियामार्टवर किंवा ऑटो कंपन्यांच्या पुरवठादारांच्या यादीत सापडत असतील, तर नावं आणि फोन नंबर हे गुपित नाही. गुपित असलंच तर ते नावापुढच्या रकान्यांत असतं: कोणत्या ग्राहकाला कोणत्या भागावर किती टक्के सूट, कोणाचा करार कुठल्या महिन्यात संपतो, कोणाच्या ड्रॉइंगमध्ये कुठली सवलत तोंडी मान्य झाली आहे. तेवढेच रकाने गुपित म्हणून मांडा. ती यादी कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या तारखेची, कोण अपडेट करत होतं, तेही लिहा. संकलनावर खरोखर मेहनत असेल तर कॉपीराइटचा आधार घेता येतो का, हे वकिलाशी वेगळं बोला.

गुप्त ठेवलं होतं, म्हणजे नेमकं काय केलं होतं?

'वादीने सर्व आवश्यक काळजी घेतली' हे वाक्य खोडून टाका आणि त्याच्या जागी काय केलं ते लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'बॉम्बे डाइंग विरुद्ध मेहर करण सिंग' प्रकरणात जे निकष मांडले, ते इथे चांगले कामाला येतात: ती माहिती धंद्याबाहेर किती लोकांना आहे, आत किती जणांना आहे, गुप्ततेसाठी काय उपाय केले, तिच्यामुळे काय बचत होते आणि स्पर्धकाला तिची किती किंमत आहे, ती मिळवायला किती पैसा आणि कष्ट गेले, आणि दुसऱ्याला ती मिळवायला किती वेळ आणि खर्च लागेल.

आपल्या काल्पनिक कारखान्यात याचं उत्तर असं दिसेल. बॅच कार्डवर घटकांची नावं नसून कोड होते. कोडची किल्ली फक्त मालक आणि सुपरवायझर यांच्याकडे होती. कच्चा माल गोदामातून वजन करून, कोडचं लेबल लावून मिलवर यायचा. परिशिष्ट 'अ' मधले आकडे पासवर्ड असलेल्या एका फाइलमध्ये होते. सुपरवायझरने रुजू होताना गुप्तता करारावर सही केली आणि त्या करारात मिक्सिंगच्या प्रक्रियेचा उल्लेख आहे. यातली एखादी गोष्ट तुम्ही केलेली नसेल तर ती केली होती असं लिहू नका. उलटतपासणीत बॅच कार्ड समोर ठेवलं जातं आणि त्यावर घटकांची नावं स्वच्छ अक्षरात दिसली की सगळा दावाच अविश्वसनीय होतो.

गुप्तता करार नसेल तरी सगळं संपलं असं नाही. नात्यावरूनही विश्वासाचं बंधन उभं राहतं. पण मग परिस्थितीचा तपशील दुप्पट द्यावा लागतो.

कसं गेलं आणि कसं वापरलं

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ मधला नियम ४ सांगतो की फसवणूक, विश्वासभंग वगैरे आरोप करताना तपशील, गरज असेल तर तारखा आणि बाबींसह, वादपत्रातच दिले पाहिजेत. म्हणजे 'प्रतिवादीने वेळोवेळी माहिती चोरली' हे चालत नाही. कुठल्या तारखेला, कुठल्या वेळेला, कुठल्या खात्यातून, कुठली फाइल, कुठे गेली? पेन ड्राइव्ह, वैयक्तिक ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, ड्राइव्हची लिंक, यांतला मार्ग वेगवेगळा लिहा. राजीनाम्याची तारीख आणि फाइल उघडल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली की न्यायाधीशाला चित्र दिसतं.

सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप हातात आल्यावर तो चालू करून आत काय आहे ते बघत बसू नका आणि फॉरमॅट करून नव्या माणसाला तर अजिबात देऊ नका. फॉरेन्सिक प्रत (मूळ डेटा न बदलता काढलेली हुबेहूब प्रत) काढून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा 'अ' भाग ते उपकरण सांभाळणाऱ्याने आणि 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) त्यात नोंदवायची असते. ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली तर नंतर कोणी फाइल बदलल्याचा आरोप करू शकत नाही.

माहिती नेली हे सिद्ध करणं एक आणि वापरली हे सिद्ध करणं दुसरं. याचं ठळक उदाहरण मुंबईतल्याच कंपनीशी जोडलेलं आहे. एपिक सिस्टिम्सने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसवर (टीसीएस) अमेरिकेत दावा लावला (२००२ च्या ४३ पानी प्रकरणात हीच एपिक प्रतिवादी होती) आणि २०१६ मध्ये ज्यूरीने एकूण ९४ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातले १४ कोटी एका विशिष्ट दस्तऐवजासाठी होते: एपिकच्या सॉफ्टवेअरची टीसीएसच्या 'मेड मंत्र' या रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरशी केलेली तुलना. तो कागद समोर होता, तो कोणी कशासाठी वापरला हे दाखवता येत होतं, आणि ही रक्कम अपिलातही टिकली. 'इतर गोपनीय माहिती' वापरल्याबद्दल दिलेले १० कोटी डॉलर मात्र ज्यूरीने दिल्यानंतरही न्यायाधीशांनी रद्द केले, कारण त्या वापराचा नेमका पुरावा नव्हता. दंडात्मक भरपाईसुद्धा शेवटी १४ कोटींवर आली. 'इतर' या एका शब्दाखाली दहा कोटी डॉलर गेले.

आपल्याकडे प्रतिवादीच्या कारखान्यात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून जे मिळवता येतं ते मिळवा. बाजारातून त्यांचं सील विकत घ्या, बिल ठेवा, प्रयोगशाळेत दोन्हींची तुलना करून घ्या. त्यांचं उत्पादन किती दिवसांत बाजारात आलं आणि स्वतंत्रपणे विकसित करायला साधारण किती वेळ लागतो, हे तज्ज्ञाच्या शपथपत्रातून मांडा. मग कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करण्याचा अर्ज द्या. त्या अर्जातही कमिशनरने काय शोधायचं ते नेमकं लिहा: एन-४७ शी जुळणारी बॅच कार्डं, अमुक नावाच्या फाइली, अमुक दोन ग्रेडच्या कार्बन ब्लॅकची खरेदी बिलं. 'संपूर्ण कारखान्याची झडती' मागितली की न्यायालयाला हा पुरावा हुडकण्याचा बहाणा वाटतो.

लिहिलं तर फुटणार नाही का?

झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबानेच बरेच उद्योजक वादपत्र मोघम ठेवायला सांगतात. भीती रास्त आहे, पण कोर्टात झाकल्या मुठीवर हुकूम मिळत नाही. उपाय वर आलाच आहे: दोन थरांत लिहा. उघड्या वादपत्रात गुपिताचा प्रकार, त्याच्या बाबी आणि सर्वज्ञात गोष्टींपासूनचा फरक. सीलबंद परिशिष्टात आकडे, ड्रॉइंग, कोड. दाव्याबरोबरच वेगळा अर्ज द्या की परिशिष्ट न्यायालयीन फाइलच्या उघड्या भागात ठेवू नये, प्रती देऊ नयेत आणि गरज पडेल तेव्हा सुनावणी बंद दालनात घ्यावी. आकडे चुकून उघड्या शपथपत्रात किंवा ईमेलच्या जोडपत्रात गेले तर परत घेता येत नाहीत. ई-फायलिंगच्या वेळी हे दोनदा तपासा.

पण परिशिष्ट प्रतिवादीला कधीच दाखवणार नाही, अशी भूमिका टिकत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळला पाहिजे. मधला मार्ग म्हणजे कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी क्लब. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या ओरिजिनल साइड नियमांत त्याची पद्धत दिली आहे: प्रत्येक बाजूचे जास्तीत जास्त तीन वकील, तेही कंपनीच्या नोकरीतले नसलेले, आणि दोन बाहेरचे तज्ज्ञ. तेवढ्यांनीच कागद बघायचे आणि गुप्ततेची हमी द्यायची. दुसऱ्या न्यायालयात असाल तरी हा नमुना जोडून तशी व्यवस्था मागा. तुम्हीच अशी व्यवस्था घेऊन गेलात तर लपवाछपवी करताय असा आरोप करायला जागा राहत नाही.

अमेरिकेत, विशेषतः बे एरियात स्टार्टअप चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २०१९.२१० प्रमाणे, गुपित वाजवी नेमकेपणाने ओळखून दाखवल्याशिवाय वादीला त्याबद्दल प्रतिवादीकडून कागदपत्रं मागता येत नाहीत. म्हणजे तिथे हा तपशील पहिल्याच वळणावर द्यावा लागतो.

मागण्या लिहिताना

वादपत्राच्या शेवटी येणाऱ्या मागण्या घाईत, जुन्या दाव्यातून उचलून टाकल्या जातात. 'प्रतिवादीस वादीची गोपनीय माहिती वापरण्यास कायमची मनाई करावी' अशी मागणी मंजूर झाली तरी तिचा उपयोग काय? उद्या प्रतिवादीने हुकूम मोडला असं म्हणत ऑर्डर ३९ नियम २-अ खाली गेलात, तर तो विचारेल, मी कुठली माहिती वापरायची नव्हती? हुकुमात ती लिहिलेलीच नसेल. म्हणून मागणीत परिशिष्टाचा थेट उल्लेख हवा: 'परिशिष्ट अ मधील बाब १ ते ३ यांचा एकत्रित वापर करून नायट्राइल कंपाउंड तयार करण्यास मनाई.' प्रतिवादीला इतर पद्धतीने ऑइल सील बनवायला मोकळीक आहे, हेही लिहा. सोयीचा तोल कोणाकडे झुकतो, म्हणजे हुकूम दिल्याने किंवा न दिल्याने कोणाचं जास्त नुकसान होईल, हे बघताना न्यायालयाला अरुंद, पाळता येण्याजोगा हुकूम द्यायला सोपं जातं. फाइली परत करणं, प्रती नष्ट केल्याचं शपथपत्र देणं, या मागण्या स्वतंत्र क्रमांकाने घ्या.

न्यायालयाच्या दारातल्या बाकीच्या गोष्टी

तुमचा वाद वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या व्याख्येत बसतो का, हे आधी तपासा. तंत्रज्ञान परवाना किंवा संयुक्त उपक्रम यांतून उद्भवलेला वाद बसू शकतो. निव्वळ नोकरीच्या करारातला बसेलच असं नाही. बसत असेल आणि तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'पाटील ऑटोमेशन' प्रकरणात ठरवलं. शिवाय अशा दाव्यात हातातली सगळी कागदपत्रं वादपत्राबरोबरच द्यावी लागतात, मागून आणलेल्या कागदाला परवानगी लागते. तपशील आधी गोळा करायचा हा आग्रह इथेही उपयोगी पडतो.

पोलिसांत तक्रार द्यायची असेल, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली किंवा फौजदारी विश्वासघाताची, तर तिथलं आणि दाव्यातलं वर्णन शब्दाशब्दाने जुळलं पाहिजे. तक्रारीत 'सोर्स कोड' आणि दाव्यात 'प्रक्रिया' असं झालं तर दोन्ही ठिकाणी खुलासे देत बसावं लागतं.

मसुदा तयार झाला की दाखल करण्यापूर्वी तो दोघांना वाचायला द्या. एक, तुमच्या क्षेत्रातला पण तुमच्या कंपनीबाहेरचा, गुप्ततेची लेखी हमी दिलेला तज्ज्ञ. परिशिष्ट वाचून 'हे तर आम्हीही करतो' असं तो ज्या बाबीपुढे लिहील, ती बाब काढून टाका. दुसरा, कार्यालयातला असा कोणी ज्याला रबरातलं काही कळत नाही. त्याने फक्त उघडं वादपत्र वाचून, काय चोरलं असा आरोप आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं. त्याला सांगता आलं नाही, तर परिच्छेद पुन्हा लिहा. पुढे कमिशनरच्या पाहणीत एखादी नवीन बाब सापडली, तर ऑर्डर ६ नियम १७ खाली वादपत्रात दुरुस्ती मागता येते. त्या अर्जातही ती बाब कुठल्या कागदात, कुठल्या तारखेला सापडली ते लिहा आणि परिशिष्ट 'अ' मध्ये घुसडण्याऐवजी परिशिष्ट 'ब' म्हणून वेगळी जोडा.